रिठा-शिकेकाईचा घरगुती शॅम्पू: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ज्यांनी आमच्याकडून कृती नेली, त्यांचे फोन आणि निरोप येतच असतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच तेच परत वाचावं लागणार नाही.

१. घरी शॅम्पू करायचा म्हणजे नक्की काय? साबण बनवायचा असतो का?

नाही. साबणाची वाट वेगळी, ती प्रश्न १८ मध्ये आहे. इथे आपण करतो तो काढा. रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे घटक असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरतो, दुसरा तेलाला. त्यामुळे डोक्यावरचा तेलकट मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. बाजारच्या शॅम्पूत हेच काम सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्यं करतात, फक्त जास्त जोमाने. बाटलीतलं बाकीचं म्हणजे पाणी, घट्टपणा आणणारे पदार्थ, सुगंध आणि टिकाऊपणासाठीची द्रव्यं. घरच्या काढ्यात यातलं पाणी तेवढं असतं. म्हणून तो पातळ असतो, त्याला झाडपाल्याचाच वास येतो आणि तो टिकत नाही. या तीन गोष्टी मान्य असतील तर पुढे वाचा.

२. रिठा, शिकेकाई, आवळा तिन्ही लागतातच का?

लागतातच असं नाही. स्वच्छ करण्याचं मुख्य काम रिठा करतो. तो जोरकस आहे आणि जास्त झाला तर केस राठ करतो. शिकेकाईत सॅपोनिन कमी, त्यामुळे ती सौम्य. केस लांब आणि कोरडे असतील तर नुसती शिकेकाई पुरते. आवळा मळ काढत नाही. त्यात टॅनिन नावाचा तुरट घटक आणि आंबटपणा असतो, त्याने केसांना चमक येते एवढंच. घरात आवळा नाही म्हणून शॅम्पू अडून राहत नाही.

नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, गव्हला कचोरा ही मंडळी वासासाठी. हवी तर घाला. पंधरा-वीस वनस्पतींची यादी असलेल्या कृती फिरत असतात. त्यातल्या बहुतेक नावांनी कृतीचं वजन वाढतं, केसांना त्याचा पत्ताही लागत नाही.

३. एकदा नीट प्रमाण आणि कृती सांगा. मूठभर, चिमूटभर नको.

सुकी शिकेकाई ५० ग्रॅम, बी काढलेली रिठ्याची साल २५ ग्रॅम, सुका आवळा २५ ग्रॅम, पाणी १ लिटर. रिठ्याचं वजन बी काढल्यावर करायचं. आतली काळी, कठीण बी उपयोगाची नाही, आणि ती वजनात धरली तर सगळं प्रमाण बिघडतं.

शिकेकाईच्या शेंगा मोडून, बाकी सगळं त्यांच्यासोबत स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर २० ते २५ मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या आणि समोरून हलू नका. रिठा दुधापेक्षा लवकर उतू जातो, आणि शेगडीवर सांडलेला हा चिकट काढा पुसणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

पूर्ण गार झाल्यावर हाताने कुस्करा. ही पायरी मिक्सरवर सोपवू नका, कारण चोथा बारीक झाला की तो कापडातूनही गाळला जातो आणि मग केसांत बसतो. भिजलेली रिठ्याची साल बोटांत आधी चिवट लागते. दाबत राहिलं की आतला पिवळसर, बुळबुळीत गर सुटतो आणि पाण्यावर पांढरा फेस जमायला लागतो. साली हाताला पातळ आणि पारदर्शक लागेपर्यंत कुस्करायचं. मग सुती पंचातून दोनदा गाळा. साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर काढा मिळतो. खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी १५० ते २०० मिलिलिटर लागतो, म्हणजे तीन-चार न्हाण्यांचा हिशेब झाला.

भांड्याचं मुद्दाम सांगते. लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो. केस काळे दिसावेत म्हणून काहीजणी तेच मुद्दाम करतात, पण पांढरा टॉवेल कायमचा जातो. ॲल्युमिनियम नको. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात (पाणी तापवायच्या भांड्यात) तर मुळीच नको, आंबट काढा तांब्याला लागतो.

४. फेसच येत नाही! काहीतरी चुकलंय का?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. तेलकट डोक्यावर पहिल्या हाताला फेस येतच नाही, सॅपोनिन तेलाला लागलेलं असतं. ते धुऊन दुसऱ्यांदा काढा लावला की फेस दिसतो. काढा बाटलीत भरून जोरात हलवला किंवा ताकाच्या रवीने घुसळला तर आधीच फेस मिळतो. पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. धुतल्यावर केसांच्या मुळाशी बोट घासून पाहा. बोट चिकट लागलं नाही तर काम झालं.

दोन्ही वेळा फेस नाही आणि डोकंही चिकट राहिलं, तर संशय मालावर घ्या. जुना, वास उडालेला, भुकटी पडलेला रिठा असेल (पुढचा प्रश्न पाहा). नाहीतर तेल जास्त झालंय (प्रश्न ६).

५. साहित्य गोव्यात कुठे मिळतं? आणि चांगलं कसं ओळखायचं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडगावच्या न्यू मार्केटमध्ये, फोंड्याच्या बाजारात, झालंच तर कुठल्याही जुन्या किराणा किंवा गावठी औषधांच्या दुकानात. शिकेकाईची काटेरी वेल सह्याद्रीच्या रानात होते. सत्तरी-सांगेकडच्या ओळखीच्या माणसांकडून शेंगा आल्या तर उत्तम.

तयार पूड घेऊ नका. पुडीत बिया, देठ, जुना माल काहीही दळलेलं असू शकतं आणि ते डोळ्यांना ओळखू येत नाही. अख्ख्या शेंगा घ्या. शिकेकाईची चांगली शेंग तपकिरी, चपटी आणि बियांच्या मधे सुरकुतलेली असते. हलवली की बी वाजते. बारीक भोकं दिसली तर आत किडा आहे.

रिठे बाजारात दोन तऱ्हेचे येतात. दक्षिणेकडच्या झाडाची फळं तिनाच्या जुडग्यात लागतात, त्यामुळे सुट्या रिठ्याला एका बाजूला जोडाची खूण असते. उत्तरेकडचा हिमालयाच्या पायथ्याचा रिठा मोठा आणि गोल असतो. दोन्ही चालतात. साल दाबल्यावर किंचित चिकट लागली पाहिजे. कोरडी ठणठणीत, भुगा होणारी साल जुनी असते.

६. केसांना लावायचा कसा? आणि आधी तेल लावू की नको?

केस आधी साध्या पाण्याने पूर्ण ओले करा. डोळे मिटून, मान मागे टाकून काढा फक्त टाळूवर ओता आणि बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळा. लांबीला वेगळं चोळायची गरज नाही, वरून ओघळणारं पुरतं. धुवा, पुन्हा एकदा लावा, आणि मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. पाणी कोमट किंवा गार. कढत पाण्याने टाळू कोरडी पडते.

तेलाचं म्हणाल तर, आदल्या रात्री खोबरेल लावायची आपली सवय चांगली आहे. खोबरेल केसाच्या आत काही प्रमाणात शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पण चमचा-दोन चमचे, केस निथळेपर्यंत नाही. रिठ्याला बाजारच्या शॅम्पूइतका जोर नाही. डोकं तेलाने चिंब असेल तर आधी थोडं बेसन पाण्यात कालवून लावा आणि धुवा, मग रिठ्याचा काढा लावा.

७. किती दिवस टिकतो?

बाहेर ठेवला तर एक दिवस. सोलकढीला जो नियम तोच याला. मे महिन्यात तर सकाळी केलेला काढा संध्याकाळपर्यंत आंबूस येऊ शकतो. फ्रिजमध्ये स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत चार-पाच दिवस. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, गोळे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन-तीन महिने सहज. आदल्या रात्री लागतील तेवढे गोळे काढून वितळवायचे. आमच्या मते सगळ्यात सोयीची पद्धत हीच.

वास आंबला, वर तवंग किंवा बुरशीचे ठिपके दिसले, बाटली उघडताना फुस्स झालं, तर झाडाच्या बुंध्याशी ओतून टाका. उकळून परत वापरू नका.

८. टिकावा म्हणून काय घालू? व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल, लवंग, मीठ?

व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, पाण्यातल्या जंतूंना नाही. लवंग आणि निलगिरीच्या थेंबांनी वास येतो आणि आपण सुरक्षित आहोत असा भास होतो. मीठ पुरेसं घालायचं तर काढ्याचं लोणचं होईल.

खरोखर टिकवायचं असेल तर सोडियम बेंझोएट. ते सरबतांत आणि जॅममध्येही असतं. अर्धा टक्का, म्हणजे ५०० ग्रॅम काढ्याला अडीच ग्रॅम, नीट वजन करून. ते आंबट द्रवातच काम करतं, म्हणून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढा द्रव आंबट) ५ च्या खाली हवा. पट्टीने तपासा, जास्त असेल तर चिमूटभर सायट्रिक ॲसिड घाला. एवढं करूनही बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. वनस्पतींच्या काढ्यात जंतूंना खायला भरपूर असतं, एकट्या बेंझोएटवर फार भिस्त ठेवू नका. आणि हे सगळं वाचून ‘मग त्यापेक्षा ताजाच करते’ असं वाटलं, तर बरोबर वाटलं.

९. पावसात रिठे-शिकेकाईलाच बुरशी येते. काय करायचं?

पुरूमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानाबरोबरच याचीही तजवीज करायची. मिरच्या, कोकम, सुके बांगडे उन्हात पडतात तेव्हाच रिठे फोडून, बी काढून, शेंगा मोडून तीन-चार कडक उन्हं द्यायची. (बांगड्यांपासून दूर. वास लागतो.) आवळा थंडीतच किसून किंवा फोडी करून वाळवलेला असतो, त्यालाही परत एक ऊन. गरम असतानाच बरणीत भरू नका, आतल्या आत घाम धरतो. निवले की घट्ट झाकणाच्या बरण्यांत, आणि बरण्या लहान. मोठी बरणी जूनपासून दर आठवड्याला उघडत बसलं की हवेतला ओलावा आत जातो आणि गणेशचतुर्थीपर्यंत अर्धा माल मऊ पडतो.

मऊ पडलेला पण बुरशी न आलेला माल मंद तव्यावर शेकून वाचतो. पांढरा-हिरवा थर आला असेल तर टाकून द्या, धुऊन घेऊ नका.

१०. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे. चालेल ना?

बहुतेक ठिकाणी उत्तम चालतं. गोव्याच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं. आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असलं तरी सॅपोनिनची साबणासारखी चिकट साय होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

अडचण दोन ठिकाणी येते. समुद्राकाठच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये खारटपणा येतो. त्या पाण्याने न्हाल्यावर केस वाळले तरी ओलसर, जड लागतात. त्या दिवसांत शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्या. दुसरी अडचण लोहाची, विशेषतः डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्याकडे. तिथल्या पाण्यात आवळा-शिकेकाई भिजवली आणि पाणी शाईसारखं काळपट झालं, तर ती लोहाची खूण. आवळ्यातलं टॅनिन लोहाशी मिळून काळा रंग धरतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पांढऱ्या केसांवर मळकट छटा येते. असं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, तांबूस गाळ बराचसा खाली बसतो. वरचं पाणी वापरा, किंवा काढ्यातला आवळा वगळा.

नळाच्या पाण्यात, मग ते ओपाहून आलेलं असो की अस्नोड्याहून की साळावलीहून, क्लोरीन असतं. काढा उकळताना त्यातलं बरंचसं जातं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी केसांना सगळ्यात मानवतं. पहिले दोन-चार पाऊस सोडून द्या, त्यांनी कौलं धुऊन निघतात.

११. माझी आजी नुसता जास्वंदीचा पाला लावायची. तो शॅम्पू म्हणायचा का?

म्हणायला हरकत नाही, फक्त हलका. पाल्यातला बुळबुळीत चीक केस मऊ करतो, गुंता सोडवतो आणि वरवरची धूळ नेतो. तेल मात्र फारसं निघत नाही. आजीचे केस त्यावर भागत असतील, कारण तिच्या डोक्यावर डिझेलचा धूर बसत नव्हता.

लाल, पाच पाकळ्यांच्या गावठी जास्वंदीची कोवळी पंधरा-वीस पानं घ्या. वाडगाभर पाण्यात दोन्ही हातांनी चुरत राहा. दोन मिनिटांत पाणी हिरवं होतं, पाच मिनिटांत घट्ट होऊन बोटांवरून तारेने खाली येतं. तेव्हा गाळा आणि लगेच वापरा. पावसात पाला रसरशीत असतो, तेव्हा करायला हे उत्तम. रिठ्याच्या काढ्यात एकास एक मिसळलं तर रिठ्याचा राठपणा कमी होतो आणि पातळपणाची तक्रारही मिटते. हे मिश्रण फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसाच्या पुढे नेऊ नका.

१२. नारळाचा रस, पेज, मेथी, कोरफड: यातलं काय घालू?

मेथी सोडून बाकीचं घालू नका, नंतर लावा. नारळाच्या रसात तेल आहे. ते शॅम्पूत मिसळलं की सॅपोनिन त्यालाच धुण्यात खर्ची पडतं. न्हाऊन झाल्यावर ओल्या केसांच्या टोकांना थोडा रस लावून दहा मिनिटांनी धुवावा. उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ बिनमिठाची हवी, आणि ती धुऊन टाकायची, तशीच वाळू द्यायची नाही. मेथी भिजवून तिचा चीक काढ्यात चालतो, फक्त वास दिवसभर सोबत करतो. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा रस निथळू द्या. तो अंगाला खाज आणतो. आतला पारदर्शक गर तेवढा घ्या.

१३. लिंबू, खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरावं का?

सोडा नको, कितीही जणांनी सांगितलं तरी नको. त्याचा पीएच ८ च्या वर. टाळूचा साधारण साडेचार ते साडेपाच. सोड्याने केसांचे खवले उघडे पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत टोकं तुटायला लागतात.

लिंबाचा रस डोक्याला लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसातल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच. रिठा-शिकेकाईचा काढा मुळातच किंचित आंबट असतो, त्यावर परत लिंबाची गरज नाही.

माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरात असतंच. एक मोठा चमचा एक लिटर पाण्यात, शेवटच्या पाण्याला. साबणाने केस धुणाऱ्यांना याचा उपयोग होतो (प्रश्न १८). काढा वापरणाऱ्यांना फारसा नाही.

१४. काढा करायला वेळ नाही. पूड कालवून थेट लावली तर?

लावता येते, पण धुऊन काढताना पाणी दुप्पट लागतं आणि कण केसांत राहतातच. कुरळ्या केसांत तर संध्याकाळपर्यंत भुगा झडतो. वेळच नसेल तर दोन चमचे पूड गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून घ्या. दळताना आणि कालवताना नाकाला फडकं बांधा. ही पूड उडली की शिंका थांबत नाहीत, आणि दमा असेल तर प्रश्न १९ वाचल्याशिवाय डब्याचं झाकण उघडू नका.

१५. सुरुवातीला केस फारच राठ झाले. हे डिटॉक्स आहे म्हणे, विष बाहेर पडतं?

डोक्यातून कुठलंही विष बाहेर पडत नाही. बाजारच्या शॅम्पू-कंडिशनरमधला सिलिकोनचा थर केसांवर असतो, त्याने केस गुळगुळीत लागतात. तो गेला की केस मुळात जसे आहेत तसे हाताला लागतात. राठपणा दोन-चार न्हाण्यांनंतरही तसाच असेल तर ‘अजून धीर धरा’ या सल्ल्याला भुलू नका. रिठा निम्मा करा, किंवा नुसती शिकेकाई आणि जास्वंद वापरून पाहा. तरीही जमलं नाही तर बाजारचा सौम्य शॅम्पू वापरा. त्यात पाप नाही.

१६. डोळ्यात गेला. फार झोंबतंय!

लगेच साधं, स्वच्छ पाणी, १५ मिनिटं, डोळा उघडा ठेवून. लेन्स असेल तर काढा. दूध, गुलाबपाणी, तूप काही घालू नका. रिठा बाजारच्या शॅम्पूपेक्षा कितीतरी जास्त झोंबतो आणि डोळा तासनतास लाल राहू शकतो. धुसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दुखणं थांबत नसेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

१७. कोंडा, उवा, केस गळणं, पांढरे केस: यावर हा शॅम्पू चालेल?

चौघांचं एकदमच सांगते, कारण उत्तर निराशेचंच आहे. कोंड्यामागे टाळूवर राहणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो. डोकं नियमित धुतल्याने थोडा फरक पडतो, पण खाज आणि पिवळट खपल्या असतील तर औषधाच्या दुकानातला केटोकोनाझोलचा शॅम्पूच हवा, डॉक्टरांना विचारून. उवांसाठी रिठा पूर्वापार वापरतात, पण लिखा त्याने जात नाहीत. औषध आणि बारीक फणी, दोन्ही लागतं. केस गळण्याचं कारण बहुधा शॅम्पूत नसतंच: रक्तातलं लोह, थायरॉइड, बाळंतपण, नाहीतर दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेला मोठा ताप. डेंग्यूनंतर गळणारे केस सहसा आपले आपण परत येतात, आणि त्याचं श्रेय त्या वेळी जो शॅम्पू चालू असेल तो घेतो. पांढरे केस काळे होत नाहीत.

१८. खोबरेलाचा साबण करून त्याचाच शॅम्पू केला तर?

होतो, पण आम्ही शिफारस करत नाही. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, तो कातडी जाळतो, आणि तेलाच्या वजनावरून त्याचं माप काटेकोर काढावं लागतं. मुलं फिरत असलेल्या स्वयंपाकघरात हे करू नये. शिवाय कुठल्याही खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. केस खरखरीत होतात आणि जड पाण्यात साय चिकटते. तरी करायचाच असेल तर प्रश्न १३ मधलं व्हिनेगरचं पाणी शेवटी घ्या.

१९. लहान मुलं, गरोदर बायका, दम्याचे रुग्ण यांनी वापरावा का?

दोन वर्षांखालच्या मुलांना रिठा नको. त्यांच्या डोक्याला पाणी पुरतं. मोठ्या मुलांना पातळ काढा, डोळ्यांवर घडी केलेला पंचा धरून. पोटात गेला तर उलट्या होतात, म्हणून सरबताच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा. गरोदरपणी साधा काढा चालतो, त्यात सुगंधी तेलांचे थेंब टाकू नका. दमा असेल तर तयार काढा बहुधा त्रास देत नाही, पण कुटणं, दळणं दुसऱ्या कुणीतरी करावं.

पहिल्यांदा वापरताना सगळ्यांनीच कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक-दोन दिवस पाहावं. झाडपाल्याची ॲलर्जी होत नाही हा गैरसमज आहे.

२०. मी केस रंगवते, मुलीने केराटिन केलंय. काय होईल?

रंग लवकर फिका होतो, रिठ्याने विशेष. नुसती शिकेकाई, पातळ करून, आठवड्यातून एकदा वापरा. मेंदी लावणाऱ्यांना अडचण नाही, फक्त मेंदीनंतर दोन दिवस थांबा. केराटिन किंवा स्मूदनिंगवर पैसे घातले असतील तर त्याचा परिणाम असेपर्यंत पार्लरने दिलेलाच शॅम्पू वापरा. हजारो रुपये खर्चून वर रिठा चोळायचा यात अर्थ नाही.

२१. ताई, शेजारणींना आवडला. विकायला ठेवू का, चवथीच्या बाजारात?

देणं वेगळं, विकणं वेगळं. विकायचा शॅम्पू सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. उत्पादनाचा परवाना लागतो, जागेची तपासणी होते, लेबलवर घटक आणि तारखा द्याव्या लागतात. गोव्यात यासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात चौकशी करावी. ‘आयुर्वेदिक’ लिहिलं तर आयुर्वेदिक औषधाचा वेगळा परवाना. ‘केस गळती थांबवतो’ असं लिहिलं की तो औषधाचा दावा होतो.

परवान्याआधी खरी अडचण प्रश्न ७ मधली आहे: चार दिवसांत आंबणारी वस्तू विकणार कशी? सुरुवात करायचीच असेल तर अख्ख्या, वाळवलेल्या रिठे-शिकेकाई-आवळ्याची पाकिटं विकणं बरं. काढा ज्याने त्याने घरी करावा.

२२. चोथा आणि न्हाणीचं पाणी कुठे सोडू? माडाला चालेल?

माडाला, केळीला चालतं. चोथा खतखड्ड्यात टाका, पण एकाच रोपाच्या बुंध्याशी ढीग करू नका. विहिरीपाशी, तळ्यात, झरीत किंवा मासे असलेल्या पाटात मात्र एक थेंबही नको. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं, म्हणूनच अशा झाडपाल्याने ओहोळातले मासे धरायची जुनी पद्धत होती. दारातल्या टाकीत गप्पी मासे सोडले असतील तर न्हाणीचं पाणी तिकडे वळत नाही ना, ते आधी पाहा. रिठ्याच्या काळ्या बिया फेकू नका. टोकाला कानस घासून, एक रात्र भिजवून पेरल्या तर उगवतात. फळ धरायला बरीच वर्षं लागतात आणि झाड मोठं होतं, म्हणून घराच्या भिंतीपासून लांब लावा.